समुद्राच्या नारळाची चटणी

लग्नाला बारा वर्षं झाली तरी सासूबाई मला अजून 'घाटावरची' म्हणतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. माझं माहेर सोलापूरकडचं. तिथे पाणी टँकरने येतं, त्याला कुणी नारळ देत नाही. त्या खाडीकाठच्या शिरवणे गावच्या, आगरी. तिथली भातशेतं गेली, इमारती आल्या, पण पाण्यावर पाऊल ठेवण्याआधी दर्याला नारळ द्यायचा, हे त्यांच्या घरात अजून कुणी मोडलेलं नाही.

नवऱ्याने मुंबई-गोवा-कोची अशी जहाजाची सहल ठरवली, तेव्हा सासूबाईंनी कपड्यांच्या आधी नारळाची तयारी केली. एपीएमसी मार्केटात जाऊन वीसेक नारळ कानाशी हलवले, शेंडीवाला एक निवडला आणि ओट्यावर ठेवला. निघायच्या दिवशी सकाळी मी इडल्या केल्या. इडलीला चटणी लागते. ओट्यावर नारळ होता.

"आज चटनी मस्त जालीय गो," म्हणत सासूबाईंनी ती तीनदा वाढून घेतली.

धक्क्यावर, जहाजात चढण्याआधी, त्यांनी पिशवीत हात घातला. चष्म्याचं घर, गोळ्या, सुक्या जवळ्याची पुडी. नारळ नाही. मागून रांग ढकलत होती.

"मी घातलेला गो पिशवीन. घातलेला ना?"

तेव्हा कुठे मला सकाळची चटणी आठवली. "घरी राहिला असेल," मी म्हणाले. हे अगदीच खोटं नव्हतं. करवंट्या घरीच होत्या.

मला वाटलं, आता त्या समुद्राला घाबरतील. पण समुद्राचं त्यांना काही नव्हतं. गोव्यात गाईड जुनं चर्च दाखवत होता आणि सासूबाई बाकावर बसून शिरवण्यातली घरं ओळीने पुटपुटत होत्या. देवळापासून सुरुवात, कुठल्या घरात कुठली सून, कुणाची मुलगी कुठे दिली. किल्ल्यावर तर मला समोर बसवून आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची आडनावं म्हणून दाखवली. एक चुकलं.

"आई, परीक्षा आहे का?" मी हसत विचारलं.

"माजे आयचा पन असाच चालू जालेला," त्या म्हणाल्या. "आदी वस्तू इसराची. मंग मना इसरली."

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडाची भीतीही वाटली.

कोचीला किनाऱ्यावर ती मोठमोठी चिनी जाळी आहेत. सगळे फोटो काढत होते. एरवी सासूबाईंनी जाळ्याच्या गाठी हाताने तपासून तिथल्या माणसाला चार गोष्टी सुनावल्या असत्या. त्या दिवशी नुसत्या उभ्या होत्या. मला ते बघवेना. बाजूच्या गाडीवरून एक शहाळं मागितलं. गाडीवाल्याने सवयीने कोयता उचलला, तशी मी अशी किंचाळले की त्याने हात वर केले. त्या शहाळ्याला शेंडी नव्हती, पण ते अख्खं होतं. मी ते सासूबाईंच्या हातात ठेवलं.

"आई, तुम्ही काही विसरला नाहीत. नारळ ओट्यावरच होता. मी त्याची चटणी केली."

"इडलीवरची?"

"हो."

"मी तीनदा घेतली ती?"

"हो."

शिव्या आल्याच. अस्सल आगरी, माझ्या सोलापूरसकट. मग मधेच त्यांना हसू फुटलं, हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि जाळी ओढणारी माणसं दोर धरून बघत राहिली.

"मंजे माजा डोका जाग्याव हाय!"

शहाळं परत माझ्या हातात देऊन त्यांनी मला पाण्यापर्यंत ओढत नेलं. "तूच दे. आन सांग त्याला, त्याचा नारल कोनी खाल्ला."

"मी खाल्ला," मी पर्यटकांच्या देखत समुद्राला सांगितलं. "आणि आईंनी तीनदा घेतला."

पाठीत एक धपाटा बसला.

जहाजाकडे परतताना त्यांनी माझा हात धरला आणि मजेमजेत आमच्या मजल्यावरची आडनावं पुन्हा म्हणून दाखवली. तेच एक पुन्हा चुकलं.

मी म्हटलं, "सगळी बरोबर."