सोमवारची सही

लॅबमध्ये त्याला सगळे ‘कुलूपवाले भाऊ’ म्हणत. रक्त-लघवी तपासणारी ती लॅब, आणि तिथले संगणक सांभाळणारा हा एकटा माणूस. कुणी पासवर्ड कागदावर लिहून ठेवला की हा हजर: “घराला कुलूप लावता आणि किल्ली दारातच टांगता होय?” मागे लोक हसत, याच्या जेवणाच्या डब्यालाही कुलूप असेल म्हणत.

त्याचा एक नेम होता. दर सोमवारी सकाळी सर्व्हरच्या खोलीत जायचं. तिथल्या युनिक्स जातीच्या मशीनवर मूळ सिस्टीम होती, आणि तिच्यावर बाहेरच्या लोकांनी लिहिलेली शे-दीडशे पॅकेजेस, म्हणजे छोटे छोटे प्रोग्राम: कुणी कागद छापणारं, कुणी फोटो लहान करणारं. त्यांच्यात चोराला शिरता येईल अशी भोकं सापडतात, लिहिणारे ती बुजवतात, आणि बुजवलेली नवी आवृत्ती वेळेवर आपल्याकडे बसवायची, हे याचं काम. तपासणारा प्रोग्राम यादी दाखवी, हा नव्या आवृत्त्या बसवी आणि दारामागच्या कागदावर तारीख घालून लिही: ‘सर्व पॅकेजेस अद्ययावत.’ खाली झोकदार सही.

त्यातल्या शेवटच्या चौदा महिन्यांच्या सह्या खोट्या होत्या.

झालं होतं असं. पेशंट डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो घरूनच पाठवत. ते फोटो लहान करणारं पॅकेज याने एकदा नवं बसवलं आणि सगळ्या चिठ्ठ्या स्क्रीनवर आडव्या पडल्या. माना वाकड्या करकरून काउंटरवाले वैतागले, आणि लॅबच्या मालकीण डॉक्टरीणबाई चारचौघांत म्हणाल्या, “तुम्ही हात लावला की बिघडतं!” लागलं ते त्याला. त्याने मुकाट्याने जुनी आवृत्ती परत बसवली आणि त्या पॅकेजला ‘होल्ड’ लावला, म्हणजे बाकी सगळी बदलली तरी हे जागचं हलायचं नाही. दोन दिवसांत बघू, म्हणाला. पण दर सोमवारी त्या एका नावापुढे लाल इशारा यायचा आणि डोळ्यांत खुपायचा. मग या शहाण्याने काय करावं? तपासणाऱ्या प्रोग्रामलाच सांगितलं, हे नाव वगळ! यादी स्वच्छ झाली. पुढे तर तो स्वतःही विसरून गेला.

आणि एका मंगळवारी लॅबचे रिपोर्ट उघडेनात. बाहेरून कुणीतरी शिरून सगळं पुसून टाकलं होतं. जुनं बॅकअपमधून परत आलं, पण शेवटच्या तीन दिवसांचे निकाल गेले ते गेलेच. साठ-सत्तर माणसांना पुन्हा रक्त द्यायला बोलवावं लागणार होतं. डॉक्टरीणबाई काउंटरपाशी येऊन कडाडल्या, “कुणी काही भलतंसलतं उघडलंय का?”

काउंटरवरच्या ताई उभ्या राहिल्या. बावीस वर्षं त्या खुर्चीत काढलेली बाई. “मी सकाळी पार्सलचा एक मेल उघडला होता. आत काही दिसलंच नाही.” मग पेशंटच्या रांगेकडे वळून त्यांनी हात जोडले. “माझ्यामुळे झालं हो. माफ करा मला.” त्याच दिवशी त्यांना मागच्या खोलीत रिकाम्या बाटल्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं.

दुपारी सर्व्हरच्या नोंदी चाळताना भाऊंना सगळं दिसलं. ताईंचा मेल म्हणजे नुसती जाहिरात. चोर शिरला होता एका बनावट फोटोतून, त्या जुन्या पॅकेजच्या भोकातून. भोक जगजाहीर होतं, वर्षापूर्वीच बुजवलेलं. फक्त याच्याकडे ते उघडं होतं. आणि तरीही अहवालात ‘कारण’ या शब्दापुढे त्याने लिहिलं, ‘तपास चालू.’

“तोंड का एवढंसं झालंय?” घरी बायकोने विचारलं.

“काम फार आहे.”

माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं आणि तरी तो मूग गिळून बसतो, हा काय प्रकार आहे, देव जाणे.

गुरुवारी ताई त्याच्या दारात उभ्या. हातात नवीकोरी वही.

“भाऊ, वेळ आहे का रे? वाईट मेल कसा ओळखायचा ते शिकव मला. लिहून घेते. मला परत काउंटरवर बसायचंय.”

आणि हा शिकवायला लागला की! पाठवणाऱ्याचा पत्ता नीट बघा, घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ताई आकडे घालून एकेक नियम उतरवत होत्या. सातव्या नियमाशी थांबून त्यांनी दारामागच्या कागदाकडे बघितलं. “तुझं बघ, एक सोमवार चुकत नाही. आणि मी अशी बावळट.”

त्याची कानशिलं तापली. “ताई, थांबा. लिहू नका.” मग होल्ड, लाल इशारा, वगळलेलं नाव, फोटो, सगळं एका दमात सांगून टाकलं.

ताईंनी पेनाला टोपण लावलं. “कधी कळलं तुला?”

“मंगळवारी. दुपारीच.”

“आज गुरुवार.” त्यांनी वहीतल्या नियमांकडे बघितलं. “आणि आत्ता हे मला शिकवत होतास?”

त्याची मान वर होईना. “चुकलो, ताई. माफ करा.”

“मला कशाला इथे कोपऱ्यात सांगतोस? मी माफी मागितली ती कुठे उभं राहून?” वही टेबलावरच टाकून त्या निघून गेल्या.

त्याने दारामागचा कागद काढून हातात घेतला, डॉक्टरीणबाईंना केबिनमधून बोलावलं आणि काउंटरसमोर जाऊन उभा राहिला. दहा-बारा माणसं पुन्हा रक्त द्यायला आली होती. अगदी पुढे एक आजोबा, बाही वर सारून तयार. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो बोलला.

“चूक ताईंची नव्हती. माझी होती. धोक्याचा इशारा मीच बंद केला होता, आणि दर सोमवारी खोटी सही करत होतो.”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातातला कागद ओढून घेतला.

“म्हणजे मला पुन्हा टोचून घ्यावं लागतंय ते तुमच्यामुळे?” आजोबांनी विचारलं.

“हो, आजोबा.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वर केलेली बाही खाली सोडली आणि दुसऱ्या हाताची वर करू लागले. ती काही त्यांना एकट्याने जमेना.

“मग जरा ही वर करून द्या,” ते म्हणाले. “त्या हाताला अजून सूज आहे.”