बाहाचा घाट, कॅरॅव्हॅनसह

२००५ च्या ऑगस्टमधल्या एका बुधवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, सौदी अरेबियातल्या बाहा शहराबाहेर, तिहामाच्या सपाटीकडे उतरणाऱ्या घाटाच्या तोंडाशी पोलिसाने आमची गाडी थांबवली. गाडीच्या मागे कॅरॅव्हॅन जोडलेली होती. या घाटात कॅरॅव्हॅन न्यायला मनाई होती. ती आम्ही राहत होतो त्या खोबरहून सुमारे चौदाशे किलोमीटर ओढत आणली होती, आणि ती याच घाटात उतरवायची होती.

गाडीत तिघे होतो. मी, पत्नी आणि मागच्या सीटवर माझे वडील. वडील एकाहत्तर वर्षांचे होते. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावाहून ते व्हिजिट व्हिसावर आले होते आणि तो संपायला अकरा दिवस उरले होते. मक्केचा उमरा पहिल्याच महिन्यात विमानाने जाऊन उरकला होता. त्यानंतर त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. १९८० च्या सुमारास या घाटाचे काम चालू असताना ते इथल्या मजुरांच्या कॅम्पमध्ये दोन वर्षे भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. ती स्वयंपाकाची जागा त्यांना पाहायची होती.

या नोकरीचा कागदोपत्री पुरावा आमच्याकडे नव्हता. त्या दोन वर्षांतली त्यांची सत्तावीस पत्रे घरात आहेत. त्यांत तांदळाची प्रत, आईची तब्येत आणि माझे गणिताचे मार्क यांचा उल्लेख आहे. डोंगराचा नाही, बोगद्याचा नाही. पासपोर्टवर जिद्द्याचा शिक्का आहे, बाहाचा असायचे कारण नाही. गावात ते बोगद्याची गोष्ट सांगू लागले की समोरचा माणूस चहाचा कप उचलत असे. मी नऊ वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा पानावर काम केले होते. त्या सवयीने ही गोष्ट मी ‘दुजोरा नाही’ या सदरात ठेवली होती. अब्बांना ते ठाऊक होते.

प्रवासाची अडचण लघवीची होती. अब्बांना साधारण दर चाळीस मिनिटांनी जावे लागे. सौदीतल्या हमरस्त्यावर दोन पेट्रोल पंपांमधले अंतर कधी कधी त्याच्या दुप्पट असते. डॉक्टरांनी ऑपरेशन गावी गेल्यावर करा म्हणून सांगितले होते. तेव्हा माझ्या खात्यातला स्कॉटिश मॅनेजर सुट्टीवर जाताना म्हणाला की त्याची कॅरॅव्हॅन कंपाउंडमध्ये पडून आहे. तिच्यात दोन बाक, एक गॅस आणि एक संडास होता. त्याने हाताने लिहिलेल्या सूचनांची चिठ्ठीही दिली. शेवटची सूचना अशी होती की ती जोडलेली असताना गाडी कधीच मागे घेऊ नये. ‘कधीच’ हा शब्द त्याने अधोरेखित केला होता.

अब्बांनी कॅरॅव्हॅन पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्याभोवती एक फेरी मारली.

“ह्यो डबा गाडीला लावून न्यायचा?”

“हो.”

“माज्यासाठी?”

“सगळ्यांसाठी.”

“सगळ्यांना लागतंय काय दर घटकेला?” असे म्हणून ते आत जाऊन संडासाचे दार उघडून-मिटून आले. त्यानंतर तिला घरात सगळे डबाच म्हणू लागले.

मार्ग मी निवडला. ताइफहून बाहाला दोन रस्त्यांनी जाता येते. एक पूर्वेकडून, सपाट, रुंद आणि कंटाळवाणा. दुसरा डोंगराच्या धारेवरून, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना अरारची, म्हणजे जुनिपरची झाडे, मधेच ढग. पर्यटनाच्या पुस्तिकेत दुसऱ्याचे फोटो होते. मी दुसरा घेतला, आणि त्याला जोडून खालचा घाट. दोन पानी टिपण तयार केले. त्यात चढ, पेट्रोल पंप, मशिदी, किराणा दुकाने आणि सरळ पुढे बाहेर पडता येईल असेच थांबे लिहिले, म्हणजे गाडी मागे घ्यावी लागणार नाही.

वृत्तपत्रातला नियम होता की एका माणसाने सांगितली ती अफवा, दोघांनी सांगितली ती बातमी. मी दोघांना विचारले. एक आमच्या ऑफिसमधला हैदराबादी अकाउंटंट, दुसरा रियाधच्या बँकेतला पुण्याचा संगणकवाला. दोघेही म्हणाले की घाट उत्तम आहे, गाड्या आरामात उतरतात. मी टिपणात ‘दोन सूत्रांकडून खात्री’ असे लिहिले. दोघेही त्या घाटात गेलेले नव्हते. दोघांना ही माहिती एकाच केरळी स्टोअरकीपरने दिली होती आणि तो बसने गेला होता, हे मला नंतर कळले. आणखी एक बाब. मी दोघांनाही ‘रस्ता कसा आहे’ असे विचारले होते. मागे कॅरॅव्हॅन असेल, हे मी कुणालाच सांगितले नव्हते.

खोबर ते बाहा दोन मुक्काम धरून तीन दिवस लागले. ताशी ऐंशीच्या वर गेलो नाही. अब्बांच्या थांब्यांच्या वेळा पत्नी वहीत लिहीत होती. सरासरी अडतीस मिनिटे आली. रियाधच्या पुढे वाळूत थांबलो की ते छडी टेकत डब्यात जात, बाहेर येत आणि म्हणत, “यल्ला.” ‘चला’ अशा अर्थाचा हा एक अरबी शब्द त्यांच्या जुन्या नोकरीतून उरला होता. अर्थात तो सौदीत तीन महिने राहिलेल्या कुणालाही येतो.

पोलीस तरुण होता. त्याने गाडीचे कागद पाहिले, माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना पाहिला, मग कॅरॅव्हॅनकडे बराच वेळ पाहिले.

“हे ममनूअ आहे,” तो म्हणाला. “ट्रेलर नाही, ट्रक नाही. पाटी पाहिली नाही?”

“नाही.”

“कुठून आलात?”

“खोबर.”

“खोबर? हे ओढत?” त्याने चौकीतल्या दुसऱ्याला हाक मारून ते सांगितले. दुसरा बाहेर येऊन पाहून गेला.

“पाटी होती,” पत्नी मागे न वळता म्हणाली. “दोन किलोमीटर मागे. आपल्या डब्याचं चित्र होतं. लाल रेघेनं खोडलेलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमच्या कागदात नव्हती.”

पोलिसाने हाताने खूण केली की गाडी मागे घ्या आणि बाजूच्या मोकळ्या जागेत लावा. मी मागे घेतली. कॅरॅव्हॅन उजवीकडे जायला हवी होती, ती डावीकडे गेली. दुसऱ्या प्रयत्नात ती आडवी झाली आणि रस्ता बंद पडला. मागे पाच गाड्या थांबल्या. त्यांतल्या तिघांनी हॉर्न वाजवला.

चौकीची टाकी भरायला आलेला एक पठाण टँकरवाला हे पाहत होता. तो काचेपाशी आला.

“बाबूजी, क्या काम करते हो?”

“दफ्तर में. किताबें जाँचता हूँ.”

“कैसी किताबें?”

“सेफ्टी की,” पत्नीने सांगितले. ते खरे होते. मी कंपनीच्या सुरक्षा-पुस्तिकांची मुद्रिते तपासत असे.

“माशाल्ला. अब उतरो.”

तो आत बसला आणि एका दमात कॅरॅव्हॅन कठड्यालगत लावून उतरला. त्याला चार मिनिटे लागली. अब्बा मागच्या सीटवरून हलले नव्हते.

आता हिशेब असा होता. डबा इथे सोडून नुसती गाडी खाली नेता येत होती. पण घाटाचा रस्ता अरुंद होता आणि पोलिसाच्या म्हणण्याप्रमाणे मधे कुठेही वळायची परवानगी नव्हती. पायथ्याला जाऊन परत यायला किमान सव्वा तास. अब्बांची सरासरी अडतीस मिनिटे. ज्या सोयीसाठी डबा आणला ती वर राहणार होती, आणि ज्या जागेसाठी सगळे आलो ती खाली. डबा नसता तर आम्ही इथवर आलो नसतो. डबा होता म्हणून पुढे जाता येत नव्हते.

मी म्हणालो की शहरात एक बाग आहे, तिथून सगळा घाट वरून दिसतो. पुस्तिकेत फोटो आहे.

“फोटो बगायला खोबरास्न आलो काय मी?” अब्बा म्हणाले.

“अब्बा, वाटेत अडचण झाली तर?”

“दोन वर्षं ऱ्हायलो हय. तवा कोनी डबा दिला नव्हता.”

“तेव्हा तुम्ही सेहेचाळीस वर्षांचे होतात.”

“आनि तू चौदाचा. तवा पन तुला पटत नव्हतं.”

पत्नीने पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हाताने बाजूला केली. सकाळपासून त्यांनी चहा घेतला नव्हता, पाणीही नाही, असे ती तेव्हा म्हणाली. मी त्याची नोंद घेतली नव्हती.

अब्बा छडी घेऊन उतरले, डब्यात गेले आणि बाहेर आले.

“घड्याळ लाव,” ते म्हणाले. “यल्ला.”

पोलिसाने विचारले की म्हातारबाबांना खाली काय काम आहे. मी सांगितले की त्यांनी हा रस्ता बांधणाऱ्यांचा भात शिजवला आहे, असे ते म्हणतात. ‘असे ते म्हणतात’ हे मी अरबीत नीट बसवले. पोलिसाने खिडकीतून वाकून अब्बांना सलाम केला. तो दोन वाजेपर्यंत ड्युटीवर होता, तोवर कॅरॅव्हॅनकडे पाहीन म्हणाला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी आम्ही निघालो.

अब्बांनी खोबरला असतानाच जागा सांगून ठेवली होती. वरून तिसरा बोगदा, तो संपला की डाव्या हाताला सपाट कातळ आणि त्याच्यावर झुकलेला डोंगर. तिसरा बोगदा अकरा सत्तावीसला संपला. डाव्या हाताला कठडा होता आणि कठड्यापलीकडे काही नव्हते. चौथ्यानंतर पूल आला. पाचव्यानंतर डोंगर सरळ तासलेला होता. पत्नीने माझ्याकडे पाहिले. सहाव्या बोगद्यात अंधारात अब्बांची छडी सीटवर हळूहळू आपटत असल्याचा आवाज येत होता. मिनिट सतरावे.

सातव्या बोगद्यातून बाहेर पडताच ते म्हणाले, “थांब.”

डावीकडे गाडी घेता येईल इतकी जागा होती. मागे सपाट कातळ होता आणि त्याच्यावर डोंगर झुकलेला होता. खडकाचा खालचा भाग काळा पडला होता.

“हा सातवा आहे, अब्बा,” मी म्हणालो.

“तवा तीनच खोदले होते.”

हे शक्य होते. त्याला दुजोरा देणारे तिथे कुणी नव्हते.

ते उतरले आणि छडीने जागा दाखवू लागले. हय मोठा टोप. हय तांदळाच्या गोणी, पावसात भिजू नयेत म्हणून आतल्या अंगाला. हय पाकिस्तानी बसायचे, हय येमेनी, आणि त्या दगडावर कोरियन इंजिनियर, त्याला आपली आमटी तिखट लागायची तरी रोज मागायचा. मी खडकाजवळ जाऊन पाहिले. काजळी होतीच. खाली कोळसा होता, शीतपेयाचे दोन कॅन होते आणि कोंबडीची हाडे होती. कोळसा गेल्या शुक्रवारचा असावा. काजळी पंचवीस वर्षांपूर्वीची की गेल्या शुक्रवारची, हे पाहून सांगता येत नाही. मी बोटाने ती पुसून पाहिली. बोट काळे झाले.

“काय बगतोस?” अब्बा म्हणाले.

“काही नाही.”

“माजा सही-शिक्का शोधतोस काय?”

पत्नी हसली. मी हसलो नाही.

अकरा बेचाळीसला, म्हणजे बाविसाव्या मिनिटाला, अब्बा खडकाच्या मागे गेले. रस्त्यावरून ती बाजू दिसत नव्हती. तिथे एक माणूस उभा राहील एवढीच जागा होती, आणि कुठे वळायचे ते त्यांनी कुणाला विचारले नाही. परत आल्यावर त्यांनी कातळाच्या कडेवर बसकण मारली.

“पानी खालून आनायचो,” ते म्हणाले. “डोक्यावर डबा घेऊन. ह्या वाटेनं खाली, चाळीस पावलं. कातळातनं झरा हाय.”

मी कडेवरून पाहिले. वाट म्हणता येईल असे काही नव्हते. झुडपे होती आणि दगड होते. ऑगस्ट होता.

“आता नसेल, अब्बा. एवढा रस्ता झाला, सुरुंग लावले, झरे बुजतात.”

“जाऊन बगितलंस?”

“नाही.”

“मंग?”

पत्नीने मघाची बाटली उघडली, त्यातले पाणी झुडपावर ओतले आणि रिकामी बाटली माझ्या हातात दिली. “जा,” ती म्हणाली. “दुसरं सूत्र.”

मी उतरलो. पावले मोजली. चाळीस झाली तेव्हा समोर नुसता दगड होता. उजवीकडे वळून मी आणखी बारा पावले गेलो. तिथे खडकात एक चीर होती आणि तिच्यातून पाणी येत होते. धार करंगळीएवढी होती. अर्ध्या लिटरची बाटली भरायला तीन मिनिटे लागली.

मी वर आलो तेव्हा अकरा पंचावन्न झाले होते. पायथ्याला जाऊन परत डब्यापर्यंत पोचायला अजून किमान तासभर होता. पत्नीने अब्बांना ते सांगितले. अब्बांनी बाटली घेतली, बिस्मिल्ला म्हणून तोंडाला लावली आणि बसल्या जागी तीन दमांत ती पूर्ण रिकामी केली.