आबांची दाढी राहिली होती

आज सकाळी आबांचं रक्त थांबलं.

दुपारी आबा गेले.

ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगते तसंच लिहिलंय. आत्ता मला दुसरं काही जमत नाहीये.

आबा म्हणजे माझे वडील. बेडसे लेण्यांच्या पायऱ्या सुरू होतात तिथली ताक-सरबताची टपरी त्यांची. तुमच्यापैकी बरेच जण तिथे बसलेत. काही जण तर नुसतं पाणी पिऊन, गप्पा मारून गेलेत. आबांना तेही चालायचं.

आबांच्या हृदयात कृत्रिम झडप होती. त्यासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, जन्मभर. ती गोळी त्यांनी कधी चुकवली नाही.

घोळ दुसऱ्याच गोळीने केला.

लेणी बघून उतरलेली मंडळी जाताना आबांना काहीबाही देऊन जायची. उरलेली बिस्किटं, क्रेप बँडेज, अंगदुखीच्या गोळ्यांच्या अर्ध्या स्ट्रिप. आबा सगळं एका बरणीत ठेवायचे. कुणाचा पाय मुरगळला की बरणी पुढे.

मी कितीदा ओरडले. "आबा, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"दवाखाना कामशेतला, आन पाय हितं मुरगळतो. त्येला मी काय करू?"

या वेळी गुडघा आबांचाच धरला. बरणी हाताशी होतीच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ती दुखण्याची गोळी घेतली की पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तसंच झालं. माझा भाऊ विजय त्यांना गाडीत घालून माझ्याच हॉस्पिटलला घेऊन आला, तेव्हा शी डांबरासारखी काळी होत होती आणि हिरड्यांतून रक्त येत होतं.

"कुठली गोळी घेतलीत?"

"पुन्याच्या लोकांनी दिल्याली. लय चांगली मानसं होती गं."

मला रागवायचं होतं. बीपी बघितलं, फार खाली होतं, आणि डॉक्टरांना हाक मारली.

रक्ताच्या पिशव्या लावल्या. रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हिटॅमिन केची ड्रिप लावली. उजेडाने ते औषध खराब होतं, म्हणून आम्ही बाटलीला काळा कागद गुंडाळतो.

"त्या बाटलीला कागद कशाला?"

"उजेड लागू नये म्हणून."

"मी जल्मभर उनात बसलो. मला न्हाई कुनी गुंडाळलं."

शेजारच्या बेडवरचे काका हसले. मीही हसले. हसले होते, हे आत्ता लिहिताना आठवलं.

हे औषध भरभर सोडता येत नाही, रिअ‍ॅक्शन येऊ शकते. चेहरा लाल होतोय का, धाप लागतेय का, बघत राहायचं. झडप असलेल्याला जास्तही देता येत नाही, नाहीतर त्या झडपेवरच गुठळी धरायची.

आणि दिलं की लगेच रक्त थांबतं असंही नाही. कित्येक तास जातात.

नातेवाईकांना मी हे रोज सांगते. धीर धरा म्हणते. काल मीच नातेवाईक होते. फार फालतू वाक्य आहे ते.

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "आज मुलगी म्हणून बस गं."

मला नुसतं बसता येईना. मिसरीचं बोट तोंडात घालू दिलं नाही, ओल्या कापसाने दात पुसले. रक्त तपासायला सुई टोचली की कापूस दाबून धरला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. कॉटच्या दांड्यांना उशा लावल्या. लघवीचा रंग बघत राहिले.

आबांना एकच गोष्ट हवी होती. दाढी.

बांबूला आरसा अडकवून, दाढी करून मगच ते टपरी उघडायचे. आजारी असले तरी.

"पाव्हन्यांपुढं आसं बसायचं व्हय?"

"ब्लेड नाही लावायचं आबा. जरा कापलं तरी रक्त थांबणार नाही."

"मग कदी?"

"उद्या रिपोर्ट चांगला आला की मी करते."

"तुला येती का?"

"पेशंटच्या करते की."

"मग घरचं सामान आन. हितलं नको."

विजयने संध्याकाळी ब्रश, वाटी, रेझर आणि नवं ब्लेड आणून बेडशेजारच्या कपाटात ठेवलं.

आज सकाळी रिपोर्ट आला. चांगला होता. हिरड्या कोरड्या होत्या.

"आबा, थांबलं."

"मग काड सामान."

डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस ब्लेड नको. बरोबरच होतं त्यांचं.

दुपारी छातीत दुखायला लागलं. आधीच रक्त फार गेलं होतं, हृदयाला ते झेपलं नाही. सगळ्यांनी सगळं केलं. मीही केलं. कुणावर चिडावं असं कुणी नाही. रडूही आलेलं नाही अजून. येईल बहुतेक.

नळ्या, सुया काढून झाल्या. मग मी कपाट उघडलं.

आता ब्लेडला हरकत नव्हती.

साबणाचा फेस केला. गाल झाले. हनुवटीखाली हात जरा चुकला आणि कापलं.

रक्त आलं नाही.

मी कापूस घेतला आणि तिथे दाबून धरला.

विजय म्हणाला, "ताई."

मी म्हटलं, "थांब. यांना जरा जास्त वेळ दाबावं लागतं."

त्याने माझा हात काढला नाही. शेजारी उभा राहिला.

अंत्ययात्रा उद्या सकाळी बेडश्याच्या घरून निघेल. पुढे कधी लेण्यांना आलात तर टपरीवर विजय असेल. बिस्किटं द्या. गोळ्या देऊ नका.

आबा, दाढी झाली. नीट झाली आहे.

जय भीम.