पुलावरची वाटी

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती, तरी आमच्या साहेबाच्या डोक्यावरची गोऱ्यांची टोपी काही उतरली नव्हती. टोपीखाली काय होतं, ते विचारू नका. रेल्वेत पुलांच्या तपासणीवर मी त्याच्या हाताखाली कारकून होतो, तोही हंगामी.

कोल्हापूरहून मिरजेकडे जाताना नदीवर लोखंडी पूल होता. गाडी जाताना तो फार हलतो, अशी तक्रार आली. साहेबाने इंजिन पुलाच्या मधोमध उभं करवलं, गर्डर किती वाकला ते मोजलं आणि खुशीत थर्मासमधला चहा प्याला. उभं इंजिन! दावणीला बांधलेल्या बैलाची चाल पारखणारा हा शहाणा. वर खबरदारी म्हणून ताशी पंचवीस मैलांची पाटी ठोकायचा हुकूम सोडला.

तिथल्या रुळांची देखभाल करणाऱ्या गँगच्या मुकादमाची रीत निराळी होती. पितळी वाटी काठोकाठ भरून तो मधल्या गर्डरवर ठेवायचा आणि बाजूच्या आडोशाला उभा राहून पाणी बघायचा. पाटी लागण्याआधीचे तीन दिवस मीही त्याच्याशेजारी उभा राहिलो. हळू गाडीला पाणी नुसतं शहारायचं. भरधाव गाडीलाही तेवढंच. पंचवीसच्या आसपासची गाडी आली की अर्धी वाटी सांडायची.

"झोका बरुबर टायमाला ढकलला की कसा चढतोय? तसं हाय लेका," तो म्हणाला. "चाकाचा दणका आन पुलाचं हलणं एका तालात आलं, की इंजान पुलाला डोलवतंय आन पूल इंजनाला. हळू जावा, न्हायतर भरारा जावा. ही पाटी नेमका मधलाच येग सांगतीया की!"

मी हे साहेबाच्या कानावर घातलं. "रेल्वे वाटीवर चालत नाही," तो म्हणाला. अशी वाक्यं त्याला भराभर सुचत. अक्कल तेवढी सुचत नसे.

मग मुकादम स्वतःच निशाण दाखवून प्रत्येक गाडी पुलावरून पावलापावलाने नेऊ लागला. गाड्यांना उशीर झाला, चौकशी बसली. त्याने साक्षीला माझं नाव दिलं.

"तुम्ही ती वाटी पाहिलीत?" चौकशीत साहेबाने विचारलं.

त्याच महिन्यात मला कायम करणार होते. मी म्हणालो, "नाही साहेब."

मुकादमाची मुकादमी गेली. आयुष्यभर मी त्या साहेबाला हसत आलो, पण तो निदान मूर्ख होता. मला सगळं माहीत होतं. माझी मला किळस येते ती त्यासाठीच.

दोनेक वर्षांनी शिरोळकडे सायकलने जाताना रेल्वेचं फाटक बंद मिळालं. फाटकावर निशाण घेऊन तोच मुकादम उभा होता. मी जवळ जाऊन विचारलं, "ओळखलंत का?"

त्याने माझ्याकडे नीट, सावकाश पाहिलं.

"मागं सरा पावणं," तो म्हणाला, "गाडी येतीया."