काळोखातली कड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिच्यापासून माझं काहीच लपत नाही त्या धाकट्या बहिणीलाही नाही. आत्ता लिहायला बसले तरी दोनदा उठले – एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच. कुठून सुरू करू?

आधी माझ्याबद्दल थोडं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात मशीनवर, आई चार घरच्या पोळ्या लाटायची. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा वडिलांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. मला त्याचा गर्व होता. आजही आहे, लपवत नाही. पण डिग्री घेऊन मी लागले कुठे, तर फोटोच्या दुकानात. आवड होती म्हणून. चाळीतल्या बायका विचारायच्या – एवढं शिकून लग्नात फोटो काढतेस होय गं? मग माझ्या डोक्यात एकच बसलं : निदान यात तरी आपण चुकायचं नाही. इथेही चुकले, तर शिकले कशाला?

हे कारण म्हणून सांगत नाहीये. कारण देणं मला चांगलं जमतं, तेच तर दुखणं आहे.

दुकान परबकाकांचं. मूळचे मालवणकडचे, सातवी शिकलेले, रीळच्या जमान्यापासून लग्नं करणारे. गिऱ्हाइकाशी शुद्ध बोलायचे, पण मला हाक मारताना 'गो' यायचाच. कॉम्प्युटरला हात लावत नसत. 'ते ग्रॅज्युएट माणसाचं काम' म्हणायचे – टोमणा नव्हता तो, कौतुकच होतं. दुकानात एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे होते, एक त्यांचा, एक माझा. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागला होता. ते डाव्या डोळ्याने बघायचे आणि काम चालवायचे.

आता कॅमेऱ्याचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑटोफोकसला भरपूर उजेडात सगळं सोपं असतं. उजेड कमी झाला की तो चाचपडतो. लेन्स पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे – अंधारात बटण शोधणाऱ्या हातासारखी. त्याला पकडायला काहीतरी लागतं : जिथे गडद संपतं आणि फिकट सुरू होतं, अशी एखादी रेघ. हे मला पुस्तकातून माहीत होतं. काकांना हातातून माहीत होतं. ते म्हणायचे, "काळोखात उजेड शोधू नको गो. कड शोध." फोकसचा फक्त मधला ठिपका चालू ठेवायचा, तो एखाद्या कडेवर धरायचा – साडीचा काठ, कॉलर, ज्योतीपुढे आलेलं बोट – फोकस लागला की बटण तसंच दाबून ठेवून फोटोची चौकट जुळवायची. आणि तरीही नाही लागला, तर हाताने रिंग फिरवायची. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, हे जुनं झालं. नवा कॅमेरा चेहरा आपोआप ओळखतो. त्याच्यावर सोडलेलं बरं.

घाटकोपरच्या एका हॉलमध्ये लग्न होतं, संध्याकाळचं. आमच्यातलंच, बौद्ध पद्धतीचं. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, मागे पांढरा पडदा, त्यावर सोनेरी चौकटीतली बुद्धांची तसबीर. मेणबत्त्या लावायच्या वेळी नवऱ्याच्या बहिणीने हॉलचे दिवे मंद करायला लावले – मेणबत्त्या उठून दिसतील म्हणून. काका म्हणाले, "तू समोर राहा, मी डावीकडून घेतो. आणि तो चेहरे शोधायचा प्रकार बंद कर. पांढऱ्यावर पांढरं आहे, गंडेल."

मी बंद केला नाही.

पंचशील सुरू होतं. लहानपणापासून तोंडपाठ असलेलं. त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. नवरीची आई मेणबत्ती लावायला वाकली, वारा लागू नये म्हणून तिने ज्योतीभोवती तळहात धरला, नवरी तिच्याकडे बघत होती. माझी लेन्स पुढेमागे करत राहिली आणि शेवटी एकदाची थांबली. मी दाबत सुटले.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोटो कॉम्प्युटरवर घेतले. लेन्स थांबली होती ती मागच्या तसबिरीच्या सोनेरी कडेवर. चौकटीवरची नक्षी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट, आणि पुढे मायलेकी – धुकं. सगळे तसेच. काकांच्या कार्डावर मात्र एक फोटो होता. तळहाताची कड लख्ख, त्या कडेच्या उजेडात आईचा चेहरा, मागे नवरीचे भरलेले डोळे. मोतीबिंदूवाल्या माणसाने काढलेला.

मी तो बघत असतानाच नवरीचा भाऊ आत आला. त्याला दम निघत नव्हता. माझे फोटो समोरच उघडे होते. म्हणाला, "ताई, यात माझी आई कुठंय? नुसती फ्रेम दिसतेय मागची."

आणि मी म्हणाले – काका पलीकडे स्टुलावर चहा पीत बसले होते, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात – "हे काकांचे आहेत. त्यांच्या डोळ्याला मोतीबिंदू आहे ना. माझा बघा." आणि तो उघडला.

एवढंच असतं, तर कदाचित हे मी कधीतरी बहिणीला सांगितलं असतं. घाबरले, खोटं बोलले, माणसं बोलतात. पण एवढंच नाही.

तो पोरगा खूश होऊन गेला. काका उठले, स्क्रीनजवळ आले, चष्मा पुसला. दोन्ही फोटो बराच वेळ बघितले. मग अगदी हळू विचारलं, "मी डावीकडे होतो ना गो?"

तुम्हाला समजतंय ना? समोरून काढलेला फोटो आणि डावीकडून काढलेला फोटो यातला फरक लहान मुलालाही कळतो. आणि हा माणूस आयुष्यभर हेच करत आला होता. तो मला खोटं पाडत नव्हता. खरंच विचारत होता. 'चुकले काका' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? माझ्या तोंडून निघालं –

"नाही काका. आयत्या वेळी तुम्ही समोर आलात, मला डावीकडे पाठवलंत. विसरलात?"

त्यांनी स्टुलावरचा कप उचलला. मग म्हणाले, "असेल. तू म्हणतेस म्हणजे असेल." आणि रिकामा कप धुवायला घेऊन गेले.

प्रत्येक फोटोच्या पोटात तो कुठल्या कॅमेऱ्याने काढला त्याचा नंबर असतो. हे काकांना माहीत नव्हतं. मला होतं. त्यांनी माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवला, स्वतःच्या पायांवर नाही.

त्यानंतर त्यांनी लग्नं घेणं सोडलं. खिशात चिठ्ठ्या ठेवायला लागले – किल्ली कुठे, कुणाला काय सांगितलं. साधी गोष्टही मला विचारायचे, हे मी म्हटलं होतं ना, की नाही? पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, झकास झालं. मी म्हटलं, काका, आता या परत, पुढच्या महिन्यात मुलुंडला लग्न आहे. ते हसले. "डोळ्याचं झालं गो. डोक्याचं काय करू? आपण कुठे उभे होतो हेच ज्याला आठवत नाही, त्याने कॅमेरा धरू नये."

तेव्हाही वेळ होती. दुकानात आम्ही दोघंच होतो. मी त्यांना चहा सांगितला.

गेल्या वर्षी काका गेले. मी भेटायला गेले तर काकू म्हणाल्या, "विसरले कधीच काही नाहीत बघ. शेवटच्या आठवड्यात मला धाकट्या दिराच्या लग्नातल्या साडीचा रंग सांगितला. पण मनाने घेतलं होतं ना, की आपण विसरतो. ते कुणी घातलं डोक्यात, देव जाणे." मी त्यांचा हात धरून बसले होते. तो तसाच धरून ठेवला.

आता रविवारी मी अंधेरीला कमी उजेडातली फोटोग्राफी शिकवते. मुलं लांबून येतात, बोरिवली, कल्याण. वर्गाची सुरुवात त्याच फोटोने होते. तळहात, ज्योत, मायलेकी. पांढऱ्यावर पांढरं असताना फोकस कसा लागला, असं मुलं विचारतात. मी सांगते – काळोखात उजेड शोधू नका, कड शोधा. मुलं लिहून घेतात. फोटोखाली कोपऱ्यात माझं नाव आहे.

तो फोटो परबकाकांनी काढलेला आहे. ते डावीकडे उभे होते.