थांब कुणीही म्हणावं

माझे थोरले साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, बंदरावरच्या गोदामात यारी चालवत. गोदीत त्यांना सगळे भागूबाई म्हणत. तोंडावर म्हणत आणि ते ओ देत.

माणूस भित्रा होता, यात खोटं काही नाही. घराबाहेर पडताना स्वतः कुलूप ओढून बघत, मग मला ओढायला लावत. गॅसचं बटण बंद दिसत असलं तरी त्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहत. लहानपणी काही घडलं होतं का, गोदामात कुणी दगावलं होतं का, असं लोक मला विचारतात. काही घडलं नव्हतं. घडू शकतं, एवढंच त्यांना पुरे होतं.

अशा माणसाने हे काम का धरलं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "खाली उभं राहायची भीती वाटायची. म्हणून दोर धरायला गेलो."

यारी हाताने फिरवायची होती. भिंतीला ठोकलेला लोखंडी रूळ, त्यावर गुंडाळलेला तारेचा दोर, तो वर तुळईच्या कप्पीवरून जाऊन पलीकडे आकड्याला लागे. दांडा फिरवला की माल हले, खटका टाकला की होता तिथे थांबे. यारीवाल्याला माल दिसत नसे, मधे आडभिंत होती. पलीकडून मालाजवळचा माणूस ओरडे, त्यावर सगळं चाले. उचलायचं तर 'हाबेस', खाली सोडायचं तर 'आर्या'. हे शब्द कुठून आले, कुणालाच सांगता येत नसे. थांबवायचं तर शिट्टी. शिट्टी कुणीही मारावी, झाडणाऱ्या बाईनेसुद्धा. ऐकली की खटका पडलाच पाहिजे. पण पुन्हा सुरू करायचं ते फक्त मालाजवळच्या माणसाच्या शब्दावर. मोठे साहेब आले तरी त्यांचा शब्द चालत नसे. "थांब कुणीही म्हणावं, चल एकानेच म्हणावं," असं साडूभाऊ सांगत.

हे त्यांनी घरातही आणलं होतं. माळ्यावरून पातेलं काढायचं तर ते स्टुलावर, मेहुणीबाई खाली. "आर्या, आर्या... बस." एकदा नवी शेजारीण विचारायला आली, "तुमच्याकडे आर्या नावाची मुलगी आहे का हो? रोज हाक ऐकू येते, पोरगी कधी दिसत नाही." नात झाली तेव्हा तीही हेच शिकली. आजोबांच्या खांद्यावर बसायचं असलं की हात वर करून हाबेस, उतरायचं झालं की आर्या. ती आर्या म्हणेपर्यंत ते तिला उतरवत नसत. मान अवघडली तरी तसेच फिरत.

पुढे मोठी जहाजं दुसरीकडे लागू लागली आणि गोदामं बंद पडली. पन्हाळीत झाडं उगवली, पत्रे वाऱ्यावर वाजायचे. साडूभाऊ त्या रस्त्याने जायचेच नाहीत, लांबचा वळसा घेत. आणि मग एक दिवस तिथे चुना लागला. एका गोदामात चित्रकार आले, एकात मातीची भांडी घडवणारे, आणि यारीच्या गोदामात नाटकघर झालं. येईल त्याला आत जाता येई. मी दोनदा जाऊन आलो. चित्रं मला फारशी कळली नाहीत, पण बाकं बरी होती.

नात तोवर कॉलेजातून बाहेर पडून नाटकमंडळीत शिरली होती. तिच्या पहिल्या नाटकाची गोष्ट त्या गोदामाचीच होती. समुद्रातून एक गाठोडं येतं, ते वरून खाली येता येता उलगडतं आणि आतून मुलगी निघते. ती मुलगी म्हणजे नात. आणि वरून खाली यायचं ते जुन्या यारीने.

"दोर नवा आहे," दिग्दर्शिका बाई घरी येऊन म्हणाल्या. "कमरेला दुसरा पट्टा आहे, त्यालाही वेगळा दोर आहे. तज्ज्ञांनी दोनदा तपासलंय. दांड्यावर आमचा माणूस असेल."

"तुमच्या माणसाच्या हातात दोर असेल तर मी चढणार नाही," नात म्हणाली. "आजोबा असतील तर चढते."

साडूभाऊंचा चेहरा पांढरा पडला. मेहुणीबाई म्हणाल्या, "अगं, हे जिना उतरताना कठडा सोडत नाहीत."

"म्हणूनच," नात म्हणाली.

तालमीच्या दिवसांत त्यांचं जेवण सुटल्यासारखं झालं. घास हातात घेऊन बसत. मला म्हणत, "हात थरथरला तर? घाम आला तर? तुम्ही जवळ बसा. काही करू नका, नुसते बसा." म्हणून मी आडभिंतीमागे स्टुलावर बसू लागलो. तालमी नीट झाल्या. वर टांगलेली नात हळूच म्हणे, "आर्या," आणि ते दांडा सोडत जात. मालाजवळचा माणूस आता मालच होता, एवढाच फरक.

पहिला प्रयोग संध्याकाळी होता. गोदाम गच्च भरलं. आडभिंतीच्या फटीतून मला मधली जागा दिसत होती, साडूभाऊंना काहीच नाही. त्यांनी हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. आर्या आलं. गाठोडं हलू लागलं, कापडाची एक बाजू सुटली, लांबच लांब खाली आली.

मागच्या रांगेत तिचे कॉलेजचे मित्र बसले होते. कापड उलगडलं तसा आनंदाने त्यांच्यातल्या एकाने तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली.

खटका पडला. मला वाटतं साडूभाऊंनी तो टाकलाच नाही, हातानेच आपला आपण टाकला. पलीकडे दोर एकदा झोकांडला आणि नात अर्ध्या उंचीवर, पाय अधांतरी, गोल फिरत राहिली. खाली फरशी होती.

लोकांना वाटलं, हा नाटकाचाच भाग. शिट्ट्या वाढल्या. एकेक शिट्टीसरशी साडूभाऊ खटका आणखी दाबत होते. ओठ निळे पडले होते.

दिग्दर्शिका बाई धावत आल्या. "आजोबा, काय झालं? सोडा ना."

"शिट्टी झाली."

"ती कौतुकाची होती."

"शिट्टी झाली," ते म्हणाले. "काहीतरी दिसलं असेल कुणाला."

"काही नाहीये. मी सांगते ना, सोडा."

"तुम्ही मालाजवळ नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून त्यांचा हात धरायला गेलो, तर हात लोखंडासारखा लागला, आणि ओला. "तिचा दोर घासतोय का?" त्यांनी मला विचारलं. मी फटीतून पाहिलं. मला खरोखर कळत नव्हतं. घासत नव्हता असं आज वाटतं. तेव्हा मला तो घासताना दिसत होता, तुटतानासुद्धा दिसत होता. मी म्हणालो, "माहीत नाही." असं म्हणायला नको होतं. त्यांना हुंदका आल्यासारखं झालं, पण खटक्यावरची बोटं हलली नाहीत.

मग शिट्ट्या थांबल्या. लोक गप्प झाले, म्हणजे त्यांनाही आता शंका आली होती. त्या शांततेत वरून आवाज आला. नाटकातला नाही, घरातला.

"आजोबा, मला काही झालेलं नाही. दोर चांगला आहे." मग थोडं थांबून, "आर्या."

त्यांनी डोळे मिटले. खटका उचलला. दांडा इतका सावकाश सोडला, की मला यारीच्या चाकाच्या दातांचा एकेक आवाज ऐकू आला. "आर्या," वरून पुन्हा आलं. "आर्या... आर्या..." शेवटी पाय फरशीला लागले असावेत, कारण ती म्हणाली, "बस."

खटका टाकून ते तिथेच जमिनीवर बसले. पाण्याचा ग्लास मी त्यांच्या तोंडाशी धरला. पाणी निम्मं सदऱ्यावर गेलं. पलीकडे टाळ्या चालल्या होत्या.

नात कापडासकट आत आली आणि त्यांच्याजवळ बसली. कमरेच्या पट्ट्याची कडी तिला दोनदा ओढूनही सुटेना, हे मी पाहिलं. मग तिने हात कापडाखाली घेतले.

बाई बऱ्याच वेळाने आल्या. पुढच्या प्रयोगाला शिट्टी वाजवू नये असं आधीच सांगू, म्हणाल्या. मग जरा चाचरत विचारलं, "आजोबा, उद्या तुम्ही... की आमचा माणूस बसवू?"

"मला फार भीती वाटते," साडूभाऊ म्हणाले.

"मग त्याला सांगते."

"त्याला वाटते का?"

"काय?"

"भीती."

"नाही. तो सराईत आहे."

साडूभाऊंनी भिंत धरली आणि उठायला लागले. "मग उद्या किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.