नवाब-हौशाची वाट

प्रतिभा चौधरी ही पोर मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या कंपनीला गावाबाहेर हाकलायच्या तयारीनं गेलो होतो. अन् त्यात माझं काही चुकलं, असं मी आजही म्हणत नाही. कंपनी म्हटलं की माणसानं आधी काठी शोधावी, मग कान उघडावे.

आमचं गाव बुऱ्हाणपूरकडं, डोईफोडियाच्या अंगाला. तिकडं तापीकाठी केळीचे घड लोंबतात, अन् आमच्या वाट्याला आला खडकाळ माळ. त्या माळावर सूर्याची वीज करणारी कंपनी येणार म्हणून ग्रामसभा भरली. माळाच्या पलीकडं माझा मळा. मी, माझी घरवाली मालूबाई अन् बैलजोडी, आम्ही तिकडंच राहतो. गाव इकडं, मळा तिकडं, अन् मधून बापजाद्यांची गाडवाट. दुसरी वाट नाल्यातून जाते, अन् पावसाळ्यात तो नाला असा भरतो की म्हैससुद्धा विचार करून उतरते.

साहेब लोक खुर्च्यांवर बसून गोड बोलत होते. गावच्या पोरांना काम देऊ. प्लेटा कोरड्या ब्रशनं पुसू, तुमच्या विहिरीचं पाणी घेणार नाही. प्लेटांखाली उगवेल ते गवत तुमच्या गुरांना. मी उभा राहिलो अन् विचारलं, "सगळं खरं हो, पण माझ्या बैलांची वाट?"

एका साहेबानं विचारलं, "दादा, कितने बैल जाते हैं वहाँ से?"

सभा हसली. हसणारच. घरोघरी ट्रॅक्टर आले, बैल विकले गेले. साऱ्या गावात आता एकच जोडी उरली आहे, माझी. नवाब अन् हौशा.

मी काहीतरी अचकट बोलणार, तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून ही काटकुळी पोर उठली. म्हणाली, "काका, वाट राहील. मी शब्द देते."

"तू कोण गं शब्द देणारी?"

"शनवाऱ्याची. बाप पॉवरलूमवर आहे."

घ्या! मला वाटलं भोपाळ-इंदूरची असेल, तर ही आमच्याच बुऱ्हाणपूरची निघाली. मी म्हटलं, "शनवाऱ्याची असशील तर शब्द मोडून कुठं पळशील? बसनं तासाभरात तुझ्या दारात येऊन बसेन." ती हसली नाही. मान हलवली अन् खाली बसली.

पुढं ओळख वाढली तशी तिची कहाणी कळत गेली. घरात चोवीस तास लूमचा खडखडाट. पाहुणे आले की कानावर हात ठेवायचे, पण ही पोर त्या आवाजात अभ्यास करायची, झोपायची. तिला भीती वाटायची ती आवाज थांबला की. लाईट गेली की लूम बंद, अन् लूम बंद की बाप ओट्यावर डोकं धरून बसलेला. म्हणून ती विजेच्या मागं लागली. पॉलिटेक्निक केलं. नात्यातले म्हणाले, पोरीच्या जातीला तारांशी काय खेळायचं? तिची माय त्यांच्यावरच उखडली, "मग काय शेवया वळत बसू दे का?" बाई असावी तर अशी.

पोर स्कूटीवर रोज माळावर यायची. ऊन म्हणू नका, चिखल म्हणू नका. गावच्या बायांचा गट तिनं जमवला, त्यांना ब्रश धरायला शिकवलं. गवताच्या वाटणीवरून दोन आळ्या भांडल्या तेव्हा ती मधोमध दगडावर बसून राहिली, भांडण मिटेपर्यंत उठली नाही. वाट तर तिनं राखलीच. मळ्याकडं एक गेट, गावाकडं एक गेट, मधून माझी गाडवाट. पण नोकरी तिची अजून कच्ची होती, वर्षभराच्या करारावर. हे मला मालूबाईनं सांगितलं. बायकांना एकमेकींची असली गोष्ट बरोबर कळते.

आता पोळ्याचं ऐका. आमच्या वेशीत पोळ्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात अन् मानाची जोडी ते तोडते. हा मान आमच्या घराण्याचा. माझ्या आज्याच्या बैलांनी तोडलं, बापाच्या बैलांनी तोडलं. दिवस मावळायच्या आत तोडायचं असतं. यंदा पंचांत कुजबुज सुरू झाली, की एका जोडीसाठी कशाला ताटकळायचं? गावातल्या दिगंबरनं नवा ट्रॅक्टर घेतलेला. तो म्हणाला, "काका, तुम्ही वेळेत नाही आले तर माझा ट्रॅक्टर तोरण तोडेल. अन् एकदा ट्रॅक्टरनं तोडलं की पुढं दरवर्षी तोच तोडेल." वर दात काढतो!

मी म्हटलं, "तुझ्या ट्रॅक्टरला पुरणपोळी चारशील तोंडात की टाकीत?" बोललो खरा, पण आतून हललो होतो. मान गेला की बैलही जाणार. मग माझं पोरगं सुरतेहून फोन करून रोज म्हणतं तेच खरं होणार, "बाबा, विका आता."

पोळ्याच्या दिवशी बैल धुतले, शिंगं रंगवली, पाठीवर झुली घातल्या. मालूबाईनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. नवाब असा दिसत होता की दृष्ट लागावी. प्रतिभा सुट्टी न घेता गेट उघडायला आली होती. उन्हं कलली तसे आम्ही निघालो.

अन् तिथंच घात झाला. गेल्या पोळ्याला माळावर नुसते खांब होते. प्लेटा नंतर बसल्या. अन् एरवी नवाब-हौशा मळ्यातच राबतात, त्यांना गावात न्यायचं कामच पडत नाही. या प्लेटा सूर्यफुलासारख्या. सूर्य फिरेल तशी तोंडं फिरवतात. संध्याकाळी सगळ्या मावळतीकडं वळलेल्या, चांगल्या उभ्या तिरप्या, पावसानं धुऊन लख्ख. वाटेच्या उजव्या हाताला त्यांची रांगच रांग. नवाबनं चार पावलं टाकली, उजवीकडं पाहिलं, तर आत एक रंगीत शिंगांचा दांडगा बैल त्याच्याकडं डोळे वटारून उभा!

नवाब फुरफुरला, खुरानं माती उकरली, शिंगं खाली घातली. त्यानंही घातली! मग तर याचं डोकंच फिरलं. मी कासरा ओढतोय, हौशा तिकडं मागं सरतोय, अन् प्रतिभा ओरडतेय, "काका, काचेला शिंग लागू देऊ नका! करंट आहे आत!"

उपरणं काढून डोळ्यांवर बांधायला गेलो, तर नवाबनं मला उपरण्यासकट बाजूला फेकलं. पोरीनं ताडपत्री आणून प्लेटांवर टाकली. एक रांग झाकली तर पुढच्या रांगेत दुसरा बैल उभा. असे किती झाकणार? तेवढ्यात दिगंबरचा फोन, "काका, येताय का तोडू तोरण?" मागं ट्रॅक्टरची घरघर ऐकू येत होती.

मग माझा तोल सुटला. म्हटलं, "बघ! हाच का तुझा शब्द? वाट दिली अन् वाटेत भुतं उभी केली! तुमच्या कंपनीचं वाटोळं होवो!" नको ते सगळं बोललो. पोर ऐकून घेत होती, अन् एकटक प्लेटांकडं पाहत होती. मग एकदम म्हणाली, "काका, थांबा. या आडव्या करता येतात. तोंड आभाळाकडं केलं की दिसणार नाही काही."

"मग कर की!"

"माझ्या हातात नाही. अन् तेवढा वेळ वीज कमी होईल."

तिनं फोन लावला. आधी कंट्रोल रूमला. ते म्हणाले, बड्या साहेबाला विचार. तिनं बड्या साहेबाला लावला. सणाचा दिवस, साहेब घरी असणार. मी कासरा मनगटाला गुंडाळून ऐकत होतो. साहेबाचा आवाज मोठा, सगळं कानावर पडत होतं.

"कितने बैल हैं?"

मला वाटलं, पोर दहा-वीस सांगेल. मी असतो तर शंभर सांगितले असते.

"सर, एक जोड़ी है।"

"एक जोड़ी के लिए पूरी लाइनें फ्लैट कर दूँ? तुम्हें पता है क्या माँग रही हो?"

"पता है सर। हमने गाँव को रास्ता देने का वादा किया था, गेट देने का नहीं। बैल निकल ही न पाए तो वो रास्ता काहे का?"

मी मनात म्हटलं, गेली पोरीची नोकरी. माझ्या दोन बैलांपायी एका लूमवाल्याच्या घरचा दिवा मी विझवला. माझं मलाच कसंसं झालं. म्हणालो, "राहू दे पोरी. फिरवतो बैल माघारी." तिनं हातानं गप्प बसवलं.

मग साहेब म्हणाला, "कारण क्या लिखूँ?"

"पोळा लिखिए, सर।"

फोन बंद झाला. आम्ही उभे. मग कर्र असा आवाज झाला अन् पहिली रांग हलली. मग दुसरी. मग तिसरी. मावळत्या सूर्याकडं पाहणाऱ्या त्या शेकडो प्लेटांनी हळूहळू तोंडं फिरवली अन् आभाळाकडं पाहत आडव्या झाल्या. एवढी मोठी कंपनी, सूर्यावर जगणारी, अन् माझ्या जोडीसाठी तिनं सूर्याकडून नजर काढली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अन् आलं तर आलं, कोणाच्या बापाची भीती आहे?

नवाबनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. शत्रू गायब. जणू आपणच त्याला पळवून लावला, अशा रुबाबात चालायला लागला लेकाचा.

वेशीत पोहोचलो तेव्हा दिगंबर सीटवर चढून बसला होता. माझ्या जोडीला पाहून गप खाली उतरला. नवाबनं शिंगावर तोरण घेतलं अन् गावानं असा गलका केला की मारुतीच्या देवळावरची पाखरं उडाली. पाटलांनी मानाचा नारळ माझ्या हातात दिला.

पोर मागं स्कूटीपाशी उभी होती. तिचा फोन वाजला. नाव पाहिलं अन् चेहरा पांढरा पडला. मी गर्दीतून तिच्याजवळ गेलो. म्हटलं, शिव्या खायच्याच असतील तर दोघं मिळून खाऊ. तिनं फोन कानाला लावला. पलीकडून बडा साहेब एवढंच म्हणाला, "पहुँची क्या जोड़ी?"

साहेबाशी कायम शुद्ध हिंदी बोलणारी ती पोर एकदम मराठीतच बोलून गेली, "पोहोचली, सर. आपली जोडी पोहोचली."

मी हातातला नारळ तिच्या हातात ठेवला. दिगंबर लगेच पुढं आला, "काका, हे काय? नारळाचा मान बैलवाल्याचा असतो."

म्हटलं, "मग? ऐकलं नाही का तू, बैल कोणाचे आहेत ते?"